अखातीजेला भरलेले गहू

आमच्या गल्लीतल्या चार घरांचे वर्षाचे धान्य मी भरते. मध्यंतरी एक वर्ष पाच घरांचे भरले. त्या पाचव्या घराविषयी लिहायचे आहे, पण आधी हे काम काय असते ते सांगितले पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की एवढ्याशा गव्हांचा बाऊ कशाला.

हे काम मला कोणी सोपवले नव्हते. लग्न होऊन धारहून देवासला आले त्याला आता सत्तावीस वर्षे होतील. माझे यजमान कचेरीत कारकून. गल्लीतली बाकीची बिऱ्हाडेही तशीच. देवास एक गाव पण संस्थाने दोन, रस्त्याच्या अलीकडे थोरली पाती, पलीकडे धाकटी, आणि आमच्यातले पुरुष कोणी इकडे लेखणी झिजवणारे, कोणी तिकडे. कारकुनाच्या पगारात रोज वाण्याकडे जाऊन भागत नाही. त्याच्या तराजूत शेरामागे मूठभर त्याचेच राहते, आणि पाऊस लागला की भाव चढतात ते दिवाळीपर्यंत उतरत नाहीत. म्हणून चैत्रात नवा माल बाजारात आला की वर्षाचे एकदम घ्यायचे. एका घरापुरते घेतले तर सेठ मान वर करून बघतसुद्धा नाही. चार घरांचे मिळून घेतले तर बसायला गादी झटकतो. हे माझ्या लक्षात आले, मी एका शेजारणीला सांगितले, आणि पुढच्या फाल्गुनात तिघीजणी माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. तेव्हापासून ते मानगुटीवर बसले ते बसलेच.

यादी मी जुन्या लखोट्यांच्या आतल्या बाजूला करते. लखोटे उलगडून, दाबून ठेवलेले असतात. कोणाकडे किती माणसे, त्यांत जेवणारी किती आणि चिवडणारी किती, कोणाची मुलगी बाळंतपणाला येणार, कोणाकडे यंदा मुंज. त्यावरून गहू, तूरडाळ, हरभरा, गूळ, मीठ, मिरच्या, तेल, सरपण. तांदूळ इकडे महाग, तो सणाला आणि आजाऱ्याला लागेल तेवढाच.

मग पहाटे गाडी सांगायची. गाडीवाला भिया जुना ओळखीचा, पण वेळेवर यायला त्याला आदल्या दिवशी दोनदा निरोप द्यावा लागतो. बाजारात बागली गावाकडच्या गाड्या सकाळीच येऊन लागतात. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून खालचा दाणा वर काढायचा, कारण वरचा नेहमीच चांगला असतो. दाताखाली फोडून बघायचा. भाव करताना एकदा उठून निघून जायचे, आणि त्याने हाक मारेपर्यंत मागे वळून पाहायचे नाही. घरी आणून वाटण्या करायच्या. आणि एवढे करून कोणी म्हणायचे, "तुमच्या वाट्याला दाणा टपोरा कसा आला हो? आमच्याकडं आला तो सगळा चिमण्यांना घालायचा." एकदा असे ऐकल्यापासून मी माझा वाटा सगळ्यांच्या शेवटी, सगळ्यांच्या देखत उचलते.

सांगायचे हे की एकत्र घेतले की स्वस्त पडते ते खरे, पण ते स्वस्त कोणीतरी आपल्या पाठीने आणि गुडघ्यांनी पाडलेले असते.

आमच्या घरासमोर एका माडीखाली एकच खोली आहे. तिथे एक बाई एकटी राहत असे. अजूनही राहते. तिचा नवरा धाकट्या पातीकडे कामाला होता. आठ दिवसांच्या तापात गेला. मूलबाळ नाही. तेव्हा ती तिशीची असेल, मी छत्तिशीची. ती मला जिजी म्हणे. पापड लाटून देई, शेवया करी, देवाच्या वाती वळी, आणि श्राद्धपक्षाला सोवळ्यातला स्वयंपाक करायला जाई. त्यात तिचे कसेबसे निभत असे.

तिचा थोरला दीर धारला. मोठे घर, सहा मुले, बायको नेहमी अंथरुणाला. खोलीचे भाडे तो पाठवी. नवऱ्याचे दिवस झाले तेव्हाच त्याने तिला घेऊन जायचे म्हटले होते, आणि तिने पदर डोळ्यांपर्यंत ओढून नाही म्हटले होते. धारच्या त्या घरात ती गेली तर काय होणार हे आम्हा सगळ्या बायकांना ठाऊक होते. पहाटे उठायचे, चौदा माणसांचे रांधायचे, बाळंतिणी आणि आजारी काढायचे, आणि जेवायला सगळ्यांच्या मागून बसायचे. पोटाला कमी पडले नसते. पण तिला स्वतःची चूल हवी होती. तिने दुसरे काही कधी मागितल्याचे मला आठवत नाही. दिराने शेवटी मान्य केले, पण अट घातली. निभते आहे तोवर राहा. ज्या दिवशी माझ्याकडे दाणे मागायची वेळ येईल त्या दिवशी बिऱ्हाड उचलून धारला यायचे, मग कुरकुर चालणार नाही. हे तिने मला एकदा वाती वळता वळता सांगितले होते.

मी ओट्यावर बसून डाळ निवडत असले की ती वाण्याकडे जाताना दिसे. हातात एक पितळी डबा. कधी पावशेर पीठ, कधी अर्धा शेर गहू, चिमूटभर हळद, दिव्यापुरते तेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच डबा. मला ते बघवत नसे. कोणी वाळलेली नवी सरपणाची मोळी पावसात भिजत ठेवावी तसे मला व्हायचे. मी मनात तिच्या घरची यादी केली, मग लखोट्यावर केली, आणि तिच्यापुढे ठेवली. वर्षभर ती वाण्याला जे देते त्यात सव्वा वर्षाचे गहू येतील हे मी तिला समजावून सांगितले.

तिने यादी नीट वाचली. तिला वाचता येत असे. मग म्हणाली, "जिजी, वर्षाचे पैसे एकदम आणू कुठून?"

याचे उत्तर मी आधीच काढून ठेवले होते. तिच्याकडे तांब्याचे एक मोठे घंगाळ होते, माहेरून लग्नात आलेले. एकट्या बाईला घंगाळ लागते कशाला, बादली आहे की. मी हे तिला सरळ सांगितले. माझे बोलणे नेहमीच असे सरळ असते आणि तेव्हा मला त्याचा अभिमानही होता. आठ दिवसांनी ती आपण होऊन आली आणि पैसे माझ्या हातावर ठेवले. घंगाळ मोडीत देऊन आली होती. मी मोजले आणि म्हटले, बघ, गुळालाही उरतील.

त्या वर्षी माल चांगला होता. काठा गहू, तांबूस, हातात घेतला की गार आणि जड. मी तिच्यासाठी एक मातीची कोठीही कुंभारणीकडून करवून घेतली, तिच्या खोलीच्या कोपऱ्यात, छातीएवढी उंच. वर झाकण, खाली बोळा बसवलेले भोक, त्यातून रोजचे काढून घ्यायचे. ती कोठी वाळत असताना ती तिच्यावरून हात फिरवी. एकदा मला म्हणाली, यंदा भावजी आले की त्यांना दाखवीन. मला फार बरे वाटले होते.

आता गहू भरण्याची रीत. आणलेले गहू आधी निवडायचे, मग दिवसभर कडक उन्हात वाळवायचे, आणि संध्याकाळी लगेच कोठीत घालायचे नाहीत. रात्रभर पसरून थंड होऊ द्यायचे आणि सकाळी भरायचे. तापलेले धान्य कोंडले तर ते आतल्या आत घामेजते. हे कोणत्याही घरातल्या दहा वर्षांच्या पोरीला ठाऊक असते. भरायचे ते अक्षय तृतीयेला, इकडे तिला अखातीज म्हणतात. पहिली ओंजळ सवाशिणीने घालायची, तळाशी सुपारी, हळदकुंकू, कडुनिंबाचा पाला. मग भरून झाले की झाकणाच्या कडा शेणामातीने लिंपायच्या.

गल्लीत फरशीचे अंगण फक्त आमच्याकडे. त्यामुळे वाळवणही आमच्याच अंगणात, एकेका घराचे एकेक दिवस. पाळ्या मी लावल्या. ती शेवटी सामील झाली म्हणून तिची पाळी शेवटी. एक दिवस हाताशी राखून ठेवला होता, पण मधेच दुपारी आंधी आली, सगळ्या अंगणात धूळ आणि पालापाचोळा, ते गहू पुन्हा पाखडून पुन्हा घालावे लागले. राखलेला दिवस त्यात गेला. तिचे गहू उन्हात पडले ते नेमके अखातीजेच्या दिवशी.

त्या दिवशी पहाटेपासून मी पायांवर होते. आधी माझी कोठी, मग तिन्ही घरी भरायला मदत, तिन्ही घरी पन्हे आणि चार शब्द. एका घरी सासूबाईंनी सुपारी कोणत्या हाताने ठेवली यावरून सुनेला बोलून घेतले, ते ऐकत उभी राहिले. तिच्याकडे जायचे राहिले होते. तिच्या घरी सवाशीण नाही. पहिली ओंजळ मलाच घालायला हवी होती. मी अंगणात आले तेव्हा ऊन उतरले होते, पण फरशी अजून पाय ठेवू देत नव्हती.

पाखडायला येणारी एक म्हातारी मालवी बाई होती, ती पोत्याचे तोंड उघडे धरून बसली होती. तिने ढिगात मनगटापर्यंत हात घातला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बई, नाज तातो हे. काल भरजो." धान्य तापलेले आहे, उद्या भरा.

मी पण हात घातला. भाकरी तव्यावरून काढून थोडा वेळ झाल्यावर लागते तेवढे ऊन लागले.

समोरच्या खोलीतली ती ढिगापाशीच उभी होती. ती म्हणाली, "जिजी, उद्या भरू या का? मी रात्रभर पसरून ठेवते."

"उद्या चतुर्थी," मी म्हटले. "वर्षाचं धान्य चतुर्थीला कोणी भरतं का? आणि उद्या मला सवड नाही."

खरे कारण शेवटचे, सवड नसल्याचे. उद्याच्या यादीत मिरच्या कांडायच्या होत्या, तेलाचे डबे यायचे होते, आणि आजच्या यादीत एकच ओळ उरली होती. तिच्यावर रेघ मारून मला पाठ टेकायची होती. एवढेच होते. तिथीचे मी पुढे केले.

आम्ही तिघींनी पोती आत नेली. मी कुंकू लावले, पहिली ओंजळ घातली. दाणे घातले तेव्हा कोठीच्या तोंडातून ऊन वाफ हाताला लागली. मग भराभर सगळे ओतले आणि मीच शेणमाती घेऊन झाकण लिंपले, चांगले घट्ट. तिने वाकून नमस्कार केला. मी घरी येऊन जेवण न करता झोपले.

पाऊस आला, श्रावण गेला. रोजच्यासाठी कोठीबाहेर ठेवलेले दीड-दोन महिन्यांचे गहू तिने आधी संपवले असावेत. भाद्रपदाच्या सुरुवातीला माझ्या लक्षात आले की ती आमच्याकडे दळायला येत नाही. तिच्याकडे जाते नव्हते. आमचे जाते ती सकाळी वापरी आणि दळता दळता दोन गोष्टी बोलत असू. आता ती पलीकडच्या आळीत दळायला जाई, आणि तेही दुपारी, बायका लवंडलेल्या असतात तेव्हा. मला वाटले माझ्या हातून काही बोलणे लागले असेल. असे बऱ्याचदा होते. मी पितृपक्षाचे काम सांगायला म्हणून गेले.

दार लोटलेले होते. ती जमिनीवर सूप घेऊन बसली होती आणि सगळ्या खोलीत कुबट वास. सुपात गहू होते की काय ते आधी कळेना. दाणे जाळीने एकमेकांना चिकटून गठ्ठे झाले होते, करडे पडले होते, आणि त्यांतून काळे पोरकिडे चालत होते. ती एकेक गठ्ठा बोटांनी फोडून त्यातला बरा दाणा बाजूला काढत होती. बाजूला काढलेले फार थोडे होते.

मला बघून ती पदराने सूप झाकायला गेली. मग तिने ते तसेच राहू दिले.

"थोडेच असे निघालेत," ती म्हणाली. "वरचे चांगले असतील."

मी झाकण उखडून पाहिले. वरचे त्याहून वाईट होते.

त्या वेळी मी जे बोलले ते मला शब्दन्शब्द आठवते. मी कोपऱ्याकडे बघून म्हटले, "या भिंतीला ओल आलीय. पावसात आली असणार."

भिंतीला ओल नव्हती. मी हात लावून पाहिला होता, कोरडी खडखडीत होती. तिनेही माझ्या हाताकडे पाहिले. आणि म्हणाली, "हो, ओलच असेल."

घरी आले आणि काय करता येईल त्याची यादी केली. मला दुसरे काही सुचत नाही. एक, प्रत्येक घराने तिला थोडे थोडे गहू द्यावेत, म्हणजे कोणालाच जड जाणार नाही. दुसऱ्या दिवशी तिघींकडे गेले. तिघींनी हळहळ केली. मग एकीने विचारले, बिघडले कशाने? मी ओलीचे सांगितले. ती म्हणाली की खोलीला ओल असेल तर त्याला आपण काय करणार, आज आपण घालू आणि पुढच्या महिन्यात तेही सडतील. आधी तिने खोली बदलावी. बोलणे बिनतोड होते. मीच तिच्या हातात दिले होते. तिथेच खरे सांगितले असते तर एक पोते सहज जमले असते, कारण चूक माझी आणि माझा त्या घरांवर हक्क होता. मी उठून आले.

मग माझ्या कोठीतले गहू पाठवले. ते तिने त्याच पोत्यात, तसेच बांधलेले परत पाठवले. निरोप एवढाच, की भावजी नवरात्रात येणार आहेत, त्यांनी गहू कुठले म्हणून विचारले तर मी काय सांगू?

दीर दसऱ्याच्या आधी आला. धारहून इंदूरपर्यंत बैलगाडी आणि पुढे टांगा, अंगभर धूळ. माणूस दुष्ट नव्हता. थकलेला, पोटाची तक्रार असलेला, मुलींच्या लग्नांनी वाकलेला. खोलीत शिरताच त्याला वास आला असणार. दुपारी त्याने मला बोलावणे पाठवले. मी गेले तेव्हा तो दाराशी पाटावर बसला होता आणि ती चुलीपाशी, पाठमोरी.

तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही जाणत्या. तुम्हीच हिला सांगा. माझ्या घरी चौदा पानं उठतात, हिचं पंधरावं मला जड नाही. पण मी म्हणतो, घंगाळ मोडून वर्षाचं धान्य भरायचं आणि ते किड्यांना घालायचं, असल्या बाईला वेगळी चूल हवी कशाला? एका माणसाचे गहू राखता येत नाहीत."

तिने चुलीवरचे भांडे उतरवून खाली ठेवले.

मला वाटले होते की बोलायला फार जड जाईल. तसे झाले नाही. दिवसभर डोक्यावर धरलेले ओझे हातातून सुटावे तसे ते तोंडातून गेले.

"गहू तिनं नाही घालवले," मी म्हटले. "भरले मी. उन्हातून काढून तसेच तापलेले भरले. ती उद्या भरू म्हणत होती. मला ठाऊक होतं, तरी भरले."

तो माझ्याकडे बघत राहिला. कारकुनाच्या बायकोने पुरुषासमोर असे काही कबूल करण्याची त्याला सवय नसावी.

चुलीपाशी ती वळली. "मलाही ठाऊक होतं, जिजी," ती म्हणाली. "हाताला लागलं होतं मला. पण माझ्या घरी सवाशीण येऊन ओंजळ घालणार, तिला मी परत कशी पाठवू?"

इतके दिवस मला वाटत होते की माझी चूक तिथीची होती, किंवा दमण्याची होती. तिच्या दारात मी कोण म्हणून उभी होते, हे माझ्या डोक्यात आले नव्हते.

दीर घसा साफ करून म्हणाला, झाले ते झाले, पण आता वर्षाचे काय? मी लगेच म्हटले की माझ्या कोठीतून देईन, पुढच्या चैत्रापर्यंत. मला ते मनापासून द्यायचे होते.

"नको," ती म्हणाली. "तुमच्या कोठीवर राहिले काय आणि धारच्या कोठीवर राहिले काय, मला सारखंच." मग दिराकडे न बघता, पण त्याला ऐकू जाईल असे, "भावजी, मी तुमच्याकडं दाणे मागितले का?"

"नाही मागितलेस अजून."

"मग मागीन त्या दिवशी न्यायला या."

त्याने हात धुतले, जेवला, आणि दोन वेळा वाढून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच परत गेला. पुढेही भाडे त्याने बंद केले नाही. हे मी त्याच्या बाजूने लिहून ठेवते.

तिने त्या ढिगातून महिनाभर पुरतील एवढे दाणे वेचून काढले, धुऊन, पुन्हा वाळवून खाल्ले. उरलेले गवळ्याने म्हशींसाठी नेले. मी गल्लीतल्या तिघींना एकत्र बसवून खरे काय झाले ते सांगितले. एक म्हणाली की पुढच्या वर्षी आपण आपले आपण भरू या. पुढच्या वर्षी तीच शेजारीण सगळ्यांच्या आधी यादी द्यायला आली. त्या दिवाळीत मात्र चारही घरच्या शेवया, अनारसे आणि पापड समोरच्या खोलीत तिच्याकडे करायला गेले, कामाचे पैसे रोजच्या रोज. एवढे मी करू शकले, आणि तेवढेच तिने करू दिले.

फाल्गुनात मी तिच्याकडे गेले. लखोटा बरोबर नेला नव्हता. मी म्हटले की या वेळी तुझे गहू सगळ्यांच्या आधी वाळवू, तिथीचे बघायचेच नाही, पैसे जमतील तसे दे. ती पापडाचे पीठ कुटत होती. हात न थांबवता ऐकून घेतले.

"माझे नका धरू, जिजी."

"वाण्याकडचं महाग पडतं गं."

"पडतं," ती म्हणाली. "पण रोज कळतं किती उरलंय ते."

मला तिचे पटले असे नाही. अजूनही पटत नाही. एका वर्षात तिचे किती जास्त जातात ते मी तोंडी सांगू शकेन. फक्त आता ते सांगत नाही. ती समोरून डबा घेऊन जाते, मी ओट्यावर डाळ निवडत असते, एकमेकींकडे बघून आम्ही हसतो. चार घरांची यादी तेवढीच लांब असते, पण ती करायला मला आता पूर्वीच्या दुप्पट वेळ लागतो. डोळे दुखतात, आणि प्रत्येक ओळीशी थांबून मला वाटते की हे घर मला हो म्हणते आहे की नाही म्हणता येत नाही म्हणून हो म्हणते आहे.

गेल्या माघात वाण्याच्या मुलीचे लग्न होते. दुकान तीन दिवस बंद. तिसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या दारात आली. हातात एक वाटी.

"पीठ हवं होतं. दुकान उघडेपर्यंत."

मी डबा उघडला आणि सवयीने शेर उचलला. तिने वाटीच पुढे धरली, तशीच धरून ठेवली. मी शेर खाली ठेवला, वाटी काठोकाठ भरली, बोटाने सपाट केली आणि तिला दिली. ती जायला वळली, आणि मग ज्यावर ती पूर्वी सकाळी दळायला बसे त्या जात्याकडे बघून म्हणाली की खुंटा सैल झालाय, ठोकून घ्या.